मासोंतो खरी की खोटी

“खोटी आहे ती मासोंतो! नखापासून केसापर्यंत खोटी!” तिरो म्हणाला आणि रागाच्या भरात माझ्या करंगळीच्या नखाचा लाल रंग त्याने थेट पेरापर्यंत ओढला.

“अरे बाबा, खोटी ती आणि रंगवतोस मला,” मी म्हणाले. “पूस आधी.”

“सॉरी, गोगो.” गोगो म्हणजे आजी, गल्ली मला तेच म्हणते. त्याने कापूस घेतला, पण तोंड थांबलं नाही. “स्टेडियममध्ये गाताना आपल्या गे लोकांचा सप्तरंगी झेंडा खांद्यावर घेतला. ‘माझी गे लेकरं, माझी गे लेकरं’ म्हणून रडली. आपण सगळे तिच्यासोबत रडलो. जाताना दारात तिचे टी-शर्ट विकत घेतले. आणि पुढच्या रविवारी कुठे गात होती? त्या पांढऱ्या बुटांच्या पास्टरपुढे! जो म्हणतो, असली पोरं घरात नकोत, हाकलून द्या.”

“टी-शर्ट चांगला आहे पण,” फुथी म्हणाला. तो एका बाईच्या वेण्या घालत होता. “तीनदा धुतला, रंग गेला नाही.”

दुकानात हशा पिकला. तिरो मात्र हसला नाही.

फुथीचं दुकान म्हणजे जहाजावरून उतरलेला जुना लोखंडी डबा. क्वाथेमा वस्तीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो उभा आहे, बाहेरून पिवळा रंगवलेला. आत दोन खुर्च्या, एक आरसा, आणि दाराशी तिरोचं नखं रंगवायचं टेबल. माझं घर समोरच. सकाळचं ऊन त्या दुकानाच्या पायरीवर आधी येतं, म्हणून मीही तिथेच असते. फुथीचं पूर्ण नाव म्फानाफुथी. त्याचं लहानपण मी पाहिलं आहे. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आहेत आणि गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या त्याच्या हातून सजून गेल्या आहेत.

त्या दिवसांत त्याचं स्वतःचं लग्न ठरलं होतं. नवरा म्हणजे त्शिदिसो, बस चालवणारा, दाराएवढा धिप्पाड आणि मांजरासारखा गरीब. दोघं कितीतरी वर्षं एकत्र राहत होते. आमच्या देशात अशा लग्नाला कायद्याची परवानगी मिळून जमाना झाला. पण कायदा सरकारचा, लग्न गल्लीचं. आणि फुथीचं घोडं अडलं होतं ते त्याच्या बहिणीपाशी.

सिझाकेले त्याची मोठी बहीण. आई शहरात गोऱ्यांच्या घरी कामाला होती आणि लवकर गेली. फुथीला पाठीवर बांधून या पोरीनेच वाढवलं. पुढे ती चर्चच्या प्रार्थनामंडळात मोठी झाली. दर गुरुवारी लाल ब्लाउज, पांढरी कॉलर, पांढरी टोपी घालून सगळ्यांच्या पुढे चालायची. लग्नाचं कळल्यावर ती एवढंच म्हणाली होती, “कर तू लग्न. मला बोलावू नकोस.” पण पाहुण्यांच्या खुर्च्या मांडायची गोष्ट निघाली की फुथी म्हणायचा, “पुढची एक मोकळी ठेवा.”

आता राहिला प्रश्न गाण्याचा. आमच्याकडे नवरानवरी मांडवात चालत येत नाहीत, नाचत येतात. पुढे मित्रमैत्रिणींची रांग, सगळ्यांचे पाय एका ठेक्यावर. त्याची तालीम आठवडेच्या आठवडे रस्त्यावर चालते, गाड्या वळसा घालून जातात. या रांगेचा पुढारी तिरो होता. आणि फुथीला प्रवेशाला मासोंतोचं ते गाणं हवं होतं, ज्यात ती म्हणते, ये माझ्या अंगणात, चपला दाराशी नको काढू.

“तिच्या गाण्यावर माझा पाय उचलणार नाही,” तिरो म्हणाला. “दुसरं कुठलंही लाव. राष्ट्रगीत लाव.”

“तू तिचं मन बघितलंस?” फुथी म्हणाला. “मी तरी कसं बघू? चिरायला ते काय कोबी आहे?”

“मन नको बघूस. पाय बघ. कुठे कुठे जातात ते बघ.”

वेण्या घालणारे फुथीचे हात थांबले. “तुला एक सांगतो. तू तेव्हा शाळेत होतास. मी आणि त्शिदिसो दुकान बंद करून घरी चाललो होतो. कोपऱ्यावर चौघं उभे. हातात दगड. आम्हाला नावानिशी हाका मारत होते. बाजूला एक टॅक्सी उभी, तिच्यात रेडिओ. आणि लागलं हिचं गाणं. नवीनच आलं होतं. त्या चौघांतला एक, दगड हातात धरून, कमरेतून हलायला लागला. मग दुसरा. दगडासकट नाचत होते रे! आम्ही त्यांच्या मधून घरी गेलो. आता ते गाणारी खरी होती का खोटी, मला काय करायचंय?”

“आणि आज तो पास्टर तिच्याच गाण्यावर टाळ्या पिटतो, त्याचं काय? तिच्यामुळे त्याच्याकडे गर्दी होते. त्या गर्दीतला एखादा बाप घरी जाऊन पोराला बाहेर काढतो. मला काढलं होतं, फुथी. सोमवारी. रविवारच्या प्रवचनानंतर.”

वेण्यावाली बाई आरशात बघून म्हणाली, “तुम्ही दोघंही बरोबर आहात. माझी अर्धी वेणी तेवढी पुरी करा.”

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, भाज्या सोलायला बायका जमल्या. लग्न असो की मयत, आमच्यात खरं माणूस कळतं ते सोलण्याच्या दिवशी. शनिवारी कुणीही येतं, जेवतं, जातं. शुक्रवारी येतो तो घरचा. येताना सुरी आपली आपण आणायची. सुऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मुठीला लोकर गुंडाळलेली असते, कुणाची हिरवी, कुणाची निळी. बाई एक वेळ पोर विसरून घरी जाईल, सुरी विसरणार नाही.

फुथीच्या अंगणात पाण्याने भरलेले मोठे टब मांडले होते. बटाटे, गाजरं, बीट, भोपळे, कोबीचा डोंगर. तिरो विकत आणलेलं सालकाढणं घेऊन आला तेव्हा बायकांनी त्याची पिसं काढली.

“हे काय आणलंयस? दाढी करायचीय का गाजराची?”

“मावशी, याने साल पातळ निघते.”

“आमच्या सुरीने नवरे सरळ झाले, गाजर काय घेऊन बसलास!”

इतक्यात फाटक वाजलं. सिझाकेले उभी होती. साधा घरातला झगा, डोक्याला रुमाल, हातात सुरी. मुठीला लाल लोकर. पाण्यात बटाटा पडल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

“बटाटे कुठायत?” ती म्हणाली.

फुथी घरातून धावतच बाहेर आला. “सिसी...” ताईला तो असंच म्हणायचा.

“तुझ्याकडे नाही आले मी. अख्खी गल्ली सोलतेय आणि सख्खी बहीण घरात बसलीय, असं लोकांनी म्हणायला नको. सरक.”

ती माझ्या शेजारच्या उलट्या क्रेटवर बसली आणि कामाला लागली. लगेच बोलणंही सुरू. गाजरं जाड चिरलीत. बीट आधी उकडायला हवं होतं. एवढा कोबी कुणी आणला, बैलाला घालणार आहात का? बायकांचा जीव भांड्यात पडला. सिझाकेले ओरडत असली की सगळं ठीक असतं.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नाचाच्या रांगेची शेवटची तालीम सुरू झाली. त्शिदिसोने मोबाईल स्पीकरला जोडला आणि भाबडेपणाने मासोंतोचंच गाणं लावलं. तिरोने जाऊन ते बंद केलं. त्शिदिसोने बिचाऱ्याने हात वर केले. मग पुन्हा तेच, ती खरी, ती खोटी, तू गप्प बस, तू गप्प बस.

कुणीतरी म्हणालं, “अगं सिझाकेले, तुला माहीत असेल. लहानपणी ती तुझ्याच गाण्याच्या वर्गात होती ना?”

“दुसऱ्या रांगेत,” सिझाकेले मान वर न करता म्हणाली. “आवाज पहिल्या रांगेचा. पण उभी राहायची दुसऱ्या. पहिल्या रांगेत आईच्या नजरेसमोर यावं लागायचं.”

“मग सांगा ना, सिस सिझाकेले,” तिरो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “खरी आहे का ती? आमच्यावर माया आहे तिची, का धंदा आहे?”

सिझाकेलेने एक बटाटा सोलून पाण्यात टाकला. दुसरा घेतला.

“तो पास्टर तिच्या आईचा पास्टर आहे,” ती म्हणाली. “आई जिवंत आहे. पोरगी तुमच्याकडे येते तेव्हा स्वतःची म्हणून येते. तिकडे जाते ती आईची म्हणून जाते. दोन्हीकडे घाबरते. घाबरट आहे.”

“म्हणजे खोटीच!”

“घाबरट म्हटलं मी,” ती म्हणाली. “खोटी नाही म्हटलं.”

तिचा आवाज मोठा नव्हता. पण अंगणातल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. फुथी पाण्याची बादली घेऊन मध्येच उभा राहिला होता. सिझाकेलेने त्याच्याकडे पाहिलं नाही. बटाट्याचा एक डोळा ती सुरीच्या टोकाने काढत राहिली, तो निघाल्यानंतरसुद्धा.

“पण सिस,” तिरो हळू आवाजात म्हणाला, “घाबरटांमुळे पण आम्हाला लागतंच.”

“लागतं,” ती म्हणाली. “ते तिला माहीत असतं.”

तिरो आपलं सालकाढणं खिशात घालून तिच्या शेजारी खाली बसला. म्हणाला, “सुरी कशी धरायची दाखवा.” तिने दाखवली. त्याचं पहिलं गाजर पाहून ती म्हणाली, “याची तर पेन्सिल झाली,” आणि सगळ्याजणी खो खो हसल्या. थोड्या वेळाने तिरोनेच उठून मासोंतोचं ते गाणं लावलं. रांगेपुढे जाऊन उभा राहिला आणि ओरडला, “त्शिदिसो, डावा पाय! अरे, दुसरा डावा!”

ऊन कलताना सिझाकेले उठली. हात पुसले. फाटकाशी फुथीने तिला गाठलं.

“उद्या...”

“उद्याचं बोलू नकोस. गुरुवारी मला मंडळापुढे उभं राहायचं असतं.” तिने त्याच्या कॉलरवरचं गाजराचं साल काढून टाकलं आणि गेली.

आवराआवर करताना कोबीच्या पानांखाली मला सुरी सापडली. लाल लोकरीची.

“विसरली,” एक बाई म्हणाली.

“सिझाकेले? सुरी विसरली?” दुसरी म्हणाली. “मुद्दाम ठेवली असणार.”

“नको रे देवा, आता हा वाद नको,” तिरोने कानावर हात ठेवले.

फुथीने सुरी घेतली, दोनदा घासली, पुसली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

शनिवारी मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्वारीची बियर मडक्यांतून फिरत होती. मासोंतोचं गाणं सुरू झालं आणि रांग आत आली. पुढे तिरो, निळ्या सुटात, पाय असे की जमिनीला गुदगुल्या व्हाव्यात. मागे फुथी आणि त्शिदिसो हातात हात घालून. त्शिदिसोचा पाय सारखा चुकत होता आणि प्रत्येक चुकीला बायका जिभा हलवून आनंदाची किलकारी देत होत्या. म्हातारे उठले, पोरं उठली. मीसुद्धा काठी बाजूला ठेवली. खोटं कशाला बोलू, गुडघे दोन दिवस दुखले.

पुढची एक खुर्ची मोकळी होती.

जेवणं सुरू झाली तेव्हा फाटकाकडची किलकारी एकदम थांबली. सिझाकेले उभी होती. लाल ब्लाउज, काळा स्कर्ट, कडक इस्त्रीची पांढरी कॉलर, पांढरी टोपी. सुरी न्यायला कुणी मंडळाचा पोशाख घालून येत नाही. तो घालून कुठे जायचं आणि कुठे नाही, याचे नियम आहेत, आणि ते तिच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

“माझी सुरी राहिलीय,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “ती न्यायला आलेय.”

फुथी जागेवरून उठला. “आणतो,” म्हणाला.

मी तेव्हा स्वयंपाकघरात रस्सा वाढत होते. तो नवरदेवाच्या कोटात आत आला. खिडकीतली सुरी कालपासून लख्ख होती. ती त्याने हातात घेतली, क्षणभर पाहिली, आणि खरकट्या भांड्यांच्या टबात बुडवली. कोटाची बाही कोपरापर्यंत भिजली. माझ्याकडे बघून तो हसला. मी माझ्या पातेल्यात पाहिलं.

“सिसी,” बाहेर त्याचा आवाज आला, “घासायची राहिलीय गं अजून. जरा बस.”

तिने त्याच्या भिजलेल्या बाहीकडे पाहिलं.

“तुझ्या घरात भांडी कधी वेळेवर घासली होती!” ती म्हणाली, आणि पुढच्या मोकळ्या खुर्चीत जाऊन बसली. कॉलरवर डाग पडू नये म्हणून तिने मानेभोवती रुमाल बांधला. तिरोने तिला ताट आणून दिलं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

सगळे पाहुणे गेले तेव्हाही ती तिथेच होती. मी भांड्यांचा टब रिकामा करायला गेले. तळाशी सुरी होती. मुठीच्या लोकरीचा रंग सुटला होता, आणि सगळं पाणी लालसर झालं होतं.