सत्तर टक्के माणूस

तोफवाल्यांनी वीस वर्षं तोफखान्यात काढली होती, म्हणून त्यांचं हे नाव पडलं. दुसरं कारण त्यांचा आवाज. कान अर्धेअधिक गेल्यामुळे समोरचाही बहिराच आहे असं धरून ते बोलायचे, आणि त्यांनी जिन्यात ‘आलो गं’ म्हटलं की तिन्ही मजल्यांना कळायचं कोण आलं ते.

राहायचे तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. एक गुडघा सराव-मैदानात निकामी झालेला, कंबर गोळे उचलून उचलून धरलेली, उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. सेवेत इजा झालेल्या माजी सैनिकांना ऐंशी टक्के अपंगत्व ठरलं की तळमजल्यावर सरकारी घर मिळतं, असा नियम होता. तोफवाल्यांनी अर्ज केला, तपासण्या झाल्या आणि एके दिवशी पत्र आलं: कान चाळीस टक्के, गुडघा तीस, कंबर वीस, बोटं दहा.

त्यांनी बोटांवर बेरीज केली. वळणाऱ्या आठ बोटांवरही ती शंभरच भरली.

“अगं, शंभर!” ते ओरडले. “पैकीच्या पैकी!”

बायको शाळेचे गणवेश शिवायची. मशीन थांबवून ती म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा शंभर मिळाले, तेही मोडल्याबद्दल. पत्राच्या मागे काय लिहिलंय ते वाचलंत का?”

मागे लिहिलं होतं: एकत्रित अपंगत्व सत्तर टक्के.

दुसऱ्या दिवशी तोफवाले कार्यालयात हजर. टक्केवारीच्या खिडकीमागे एक सडपातळ कारकून बसायचा. रांगेतले लोक त्याला दशांश म्हणत. तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडायचं.

“साहेब, तुमची बेरीज चुकलीये,” तोफवाले म्हणाले. शेजारच्या दोन खिडक्यांनी माना वर केल्या.

“बेरीज नसतेच हो इथे,” दशांश शांतपणे म्हणाला. “बसा. माणूस शंभर टक्क्यांचा. बरोबर? त्यातले कानांनी नेले चाळीस. उरलात किती?”

“साठ.”

“आता गुडघा तीस टक्के. पण कोणाचा? या उरलेल्या साठाचा. साठाचे तीस टक्के म्हणजे अठरा.”

“अहो, गुडघा अख्खा माझा आहे! आणि तो काही कानाने दुखत नाही!”

“दुखत असेल अख्खा. मोजायचा उरलेल्याचाच.” दशांशने कागदावर आकडे मांडले. “राहिलात बेचाळीस. कंबर त्यातले वीस टक्के नेते, राहिलात तेहेतीस पूर्णांक सहा. बोटं त्याचा दहावा भाग. म्हणजे एकूण गेलात एकोणसत्तर पूर्णांक शहात्तर शतांश. जवळच्या दहाला न्यायचं असा नियम, म्हणून सत्तर. पाव टक्क्याच्या आसपास आम्ही पदरचे घातलेत.”

तोफवाले कागदाकडे बघत राहिले. आपण असे चतकोर चतकोर कमी होत चाललोय हे त्यांना कोणी आजवर सांगितलं नव्हतं.

“म्हणजे या हिशेबाने शंभर कधी होणारच नाहीत?”

“काहीतरी उरतंच. शास्त्र आहे ते.”

“आणि मेल्यावर?”

“मेल्यावर विभाग वेगळा आहे. दुसरा मजला, डावीकडे.” मग जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, “अजून एक वीस टक्क्यांची व्याधी दाखवा. पंच्याहत्तरच्या पुढे गेलात की ऐंशी धरतात. आहे काही?”

आवाज खाली आणल्यामुळे तोफवाल्यांना काही ऐकू आलं नाही. मग त्याने तेच ओरडून सांगितलं, आणि अख्ख्या रांगेला कळलं की तोफवाल्यांना वीस टक्के कमी पडतायत. लोक मनाने चांगले. एकाने दात सुचवले, एकाने मूळव्याध. एक म्हातारे सुभेदार म्हणाले, “माझी एक व्याधी जास्तीची आहे, देता आली असती तर दिली असती.”

घरी आल्यावर बायकोने सगळं ऐकून घेतलं. मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि म्हणाली, “तुमची झोप?”

“झोपेला काय झालंय?”

“मलाच विचारता?”

ही गोष्ट त्या घरात बोलायची नाही असं न बोलताच ठरलेलं होतं. कुकरचं झाकण पडलं की तोफवाले भिंतीला टेकायचे. अंथरुणावर फार तर दोन तास. पुढची झोप स्वयंपाकघरात, दाराकडे तोंड करून, खुर्चीत. सोळा वर्षं झाली. फॉर्मवर झोपेचा रकाना होता. त्यात त्यांनी ‘उत्तम’ लिहिलं होतं, झोकदार अक्षरात.

“वेड्यांच्या यादीत नाव नाही घालायचं मला,” ते म्हणाले.

“कोणी वेडं म्हणत नाही. तळमजला म्हणतायत.”

महिन्याभराने फेरतपासणी झाली. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी झोपेचं विचारलं. तोफवाले ताठ बसले आणि म्हणाले, “ठीक आहे.”

“ठीक नाही,” बायको म्हणाली. “गोळा फुटला तेव्हा यांच्या शेजारी जो होता, त्याचं नाव घेऊन उठतात. मी त्या माणसाला कधी बघितलं नाही, पण मला तो पाठ झालाय. त्याला चहात साखर लागायची नाही, हेसुद्धा मला माहीत आहे.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. तोफवाले जमिनीकडे बघत होते. मग ते बोलले, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा इतक्या हळू बोलले की बाईंना पुढे वाकावं लागलं. काय बोलले ते फॉर्मवर चार ओळींत मावलं. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोचा हात धरला आणि पायऱ्या उतरून होईपर्यंत सोडला नाही.

पत्र आलं. झोप: वीस टक्के, मंजूर. एकत्रित अपंगत्व: सत्तर.

या वेळी बायकोही खिडकीपाशी आली.

“वीस मिळाले ना?” तिने विचारलं.

“मिळाले की! अभिनंदन,” दशांश म्हणाला. “पण फेरतपासणी म्हणजे सगळंच तपासतात. गुडघा तीसचा वीस झालाय. सुधारला. बाईंनी कारणही दिलंय बघा: ‘रोजच्या जिना चढण्या-उतरण्यामुळे स्नायूंना बळकटी.’”

तोफवाल्यांना ऐकू आलं होतं, तरी त्यांनी परत विचारलं. दशांशने परत वाचलं.

“म्हणजे जिना चढावा लागतो म्हणून मला घर हवंय,” तोफवाले एकेक शब्द तोलत म्हणाले, “आणि जिना चढतो म्हणून मिळत नाही.”

“बहात्तर पूर्णांक पस्तीस,” दशांश म्हणाला. खरंच वाईट वाटलं होतं त्याला. “पंच्याहत्तर असते तर मी स्वतः किल्ली आणून दिली असती.”

दोघं घरी परतली. इमारतीत शिरल्यावर बायको जिन्याकडे न वळता तळमजल्याच्या दारापाशी थांबली. तिथे एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहायच्या. रस्त्यावरून पहाटेपासून ट्रक जातात, खोलीत ऊन येत नाही, कुंड्यांतली रोपं मरतात, ही त्यांची तक्रार इमारतीत सगळ्यांनी ऐकलेली.

“बाई, तुमचे गुडघे कसे आहेत?” बायकोने विचारलं.

“धडधाकट. का गं?”

“आमच्याकडे दुपारभर ऊन असतं. घर बदलायचं का? खोल्या तेवढ्याच, घरमालकाला काय फरक पडतोय?”

नर्सबाई वर गेल्या, खिडकीतलं ऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, “कधी?”

रविवारी सामान हललं. मशीन चौघांनी उतरवलं, कुंड्या बाईंनी स्वतः चढवल्या. ट्रकांचा तोफवाल्यांना काही त्रास झाला नाही. कानांचे चाळीस टक्के पहिल्यांदाच कुठेतरी कामी आले. झोप काही लगेच आली नाही. पण खुर्चीत बसले की बायको चहा ठेवून समोर बसायची आणि म्हणायची, “सांगा त्याचं अजून काही.” आणि ते सांगायचे.

घर बदलल्याचं कळवणं भाग होतं. दशांशने नवा पत्ता लिहिता लिहिता पेन थांबवलं.

“तळमजला? पण तुम्ही तर सत्तर आहात.”

“मग काय करू? परत वर जाऊ?”

दशांशने नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं. “नाही, राहा. फक्त दोन वर्षांनी पुन्हा तपासणी आहे. तोवर जिना नाही म्हणून गुडघा बिघडला, तर ऐंशी होतील.”

“आणि मग?”

“मग तळमजल्यावरचं घर मंजूर होईल तुम्हाला,” दशांश म्हणाला, आणि शाई वाळावी म्हणून कागदावर हळूच फुंकर मारली.