छातीच्या हाडातली कात्री

मी कात्री बोलतेय. शिंप्याची नव्हे आणि न्हाव्याची तर मुळीच नव्हे. मी प्रथिनाची आहे आणि इतकी लहान आहे की डोळ्यांत तेल घालून शोधलंत तरी दिसायची नाही. पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंच्या छातीच्या हाडात, मज्जेतल्या एका पेशीत माझा जन्म झाला.

माझ्यासारख्या कात्र्या तुमच्याही पेशीपेशीत आहेत. पेशी म्हातारी झाली किंवा बिघडली की तिला आतून कापायचं, गुपचूप सगळं आवरून टाकायचं आणि शेजारच्या पेशीला त्रास होऊ द्यायचा नाही, हे आमचं काम. नाक मुरडू नका! आईच्या पोटात तुमचा पंजा वल्ह्यासारखा चपटा होता. बोटांमधल्या पेशी माझ्या बहिणींनी कापल्या, म्हणून तर आज तुम्हाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं.

माझी पेशी बिघडली तेव्हा मी कामाला लागायला हवं होतं. पण या बयेला मरायचंच नव्हतं! तिने पहारेकरी ठेवले, त्यांनी माझी पाती घट्ट धरली आणि मी आहे त्या जागी अडकून पडले. ती मात्र एकीच्या दोन, दोनाच्या चार होत सुटली आणि आमचंच हाड पोखरू लागली. लाज म्हणून नाही.

बाईंच्या गळ्यात शिट्टी असायची. त्या तलावाच्या काठाने फिरू लागल्या की ती नेमकी आमच्या छपरावर आपटायची, ठक ठक. हळूहळू बाईंना पायऱ्या चढवेनात, शिट्टीला दम पुरेना. मग एक दिवस ठकठक बंदच झाली.

हाडातून आवाज छान येतो. दवाखान्यातलं सगळं मी ऐकलं.

"मज्जेचा कॅन्सर आहे. या पेशी मरायचं विसरल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इंजेक्शन देऊन त्यांना आठवण करून देऊ."

विसरल्यात? अहो, विसरल्या नाहीत, चक्क नकार देतायत! तरी मी हरखले. औषध येणार, पेशीचा कचरा काढायची सोय बंद पाडणार, आत कचरा तुंबला की पहारेकऱ्यांची दाणादाण उडणार आणि मी सुटणार. बाईंच्या पोटाला सुई टोचली. मी वाट पाहिली. कुणी आलं नाही. पुढच्या खेपेला थोडं औषध आलं, तेही हात बांधलेलं. पेशी मजेत होती.

कारण बाईंची थोरली बहीण! या ताईने कुठूनशा हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या होत्या.

"घे गं, ताकद येते. नैसर्गिक आहे, याने काही होत नाही."

आणि तो अर्क माझ्या औषधाला रक्तातच, वाटेतच धरून ठेवत होता.

डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "दुसरं काही औषध घेता का?"

"नाही हो, काही नाही," बाई म्हणायच्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. बहिणीने प्रेमाने हातावर ठेवलं ते औषध कसं असेल? तुम्हा माणसांच्या या हिशेबाचा मला संताप येतो. "सांगा ना!" म्हणून मी आतून ओरडत होते. पण कात्रीचं कोण ऐकतं?

शेवटी रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोग हटत नाहीये. हे औषध बंद करून दुसरं द्यावं लागेल. ते अंगावर फार जड जातं आणि बाईंमध्ये तेवढी ताकद उरलेली नाही."

ताई उसळली. "तुमच्या सुईने काय झालं? ती उभी आहे ती माझ्या कॅप्सूलमुळे!"

"कसल्या कॅप्सूल?"

पर्सची चेन सरकली. टेबलावर बाटली टेकली. डॉक्टरीणबाईंनी तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"ताई, या अर्काने आमचं औषध बांधलं जाऊ शकतं. मग पेशी मरत नाहीत."

"पण हे औषध नाहीये हो! नुसती पानं आहेत."

"तंबाखूचीही पानंच असतात."

ताईला हुंदका आवरेना. बाईच तिला म्हणाल्या, "रडू नकोस गं. मी काय खायचं ते लहानपणापासून तूच ठरवतेस. आता थोडे दिवस डॉक्टरांना ठरवू दे."

बाईंनी तिला माफ केलं. मी अजून केलेलं नाही.

कॅप्सूल बंद झाल्या, औषध मात्र डॉक्टरीणबाईंनी तेच चालू ठेवलं. त्यानंतरची सुई पोचली, आणि कशी पोचली! कचरा तुंबला, पहारेकरी पांगले, माझी पाती मोकळी झाली. तुमच्याशी बोलता बोलता मी कापतेच आहे. सगळ्या बहिणी सुटल्या असं नाही, काही पेशी अजून हट्टाला पेटल्यात. मी राहते तीच पेशी कापतेय, म्हणजे तिच्याबरोबर मीही जाणार. त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते फुकट गेलेल्या दिवसांचं. ते माझे नव्हते, बाईंचे होते.

बाहेर ताई फोनवर बोलतेय. "डॉक्टर, हिला लिंबू सरबत दिलं तर चालेल ना?"

विचारतेय! बघा, विचारता येतं माणसाला. जीभ झिजत नाही. तुमच्याही घरी कुणी आजारी असेल तर प्रेमाने दिलेलंसुद्धा सांगा हो. नाहीतर आत कुणाचे तरी हात बांधलेलेच राहतात.

आत्ता छपरावर ठक झालं. बाईंनी शिट्टी गळ्यात घातली वाटतं.

वाजवा बाई, जमेल तेवढी वाजवा. मी आत आवरून घेते.