दोन्ही टोके काठावर

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, माणसाच्या इतिहासात दोराचे स्थान फार उंच आहे. माझे स्वतःचे स्थान सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, दोन खिळ्यांच्या मधे असून माझ्यावर एक बनियन आणि पायमोजे वाळत आहेत.

माझा जन्म उलट्या पावलांनी झाला. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये बायका काथ्याला पीळ देत मागे मागे चालत आणि त्यांच्या पुढ्यात मी वाढत जाई.

मला विकत घेतले एका घड्याळजींनी. डोळे अधू झाल्यावर त्यांनी दुकानाला कुलूप लावले आणि ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन छपराच्या होडीत राहायला गेले. नातेवाईक म्हणाले, यांचे डोके फिरले. काकू म्हणाल्या, ते लग्नाआधीच फिरले होते, आता निदान हवा तरी चांगली लागेल.

नदीवर एक पद्धत होती. होडी काठाला येताना धक्क्यावर जो कोणी उभा असेल, त्याच्याकडे दोर फेकायचा. त्याने तो झेलून खुंट्याला बांधायचा. नाव-गाव नंतर, जमले तर. मला मास्तरांनी झेलले, कोळसेवाल्याने झेलले. एकदा तर मुलगी बघायला निघालेल्या एका गृहस्थाने झेलले. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर माझा चिखल आडवा उमटला. तरी जाता जाता त्याने विचारले, "गाठ नीट बसलीय ना?" त्याचे लग्न जमले की नाही, ही काळजी मला अजून आहे.

घड्याळजी मला रोज सोडून उन्हात वाळवत. ओला दोर आतून कुजतो, असे ते सांगत. इतके कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

असाच मी एकदा वाळत पडलो असताना, भर नदीत त्यांनी छातीवर हात धरला आणि ते खाली बसले. वल्ही काकूंनी घेतली. धार जोराची होती. समोरचा धक्का चुकला असता तर पुढे दूरवर वस्ती नव्हती. दोर फेकणे हे कायम घड्याळजींचे काम. काकूंनी मला उचलले आणि जीव खाऊन फेकले. असा नेम घड्याळजींचाही कधी लागला नव्हता. फक्त माझे दुसरे टोक होडीला बांधायचे राहून गेले होते.

धक्क्यावर एक न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करत होता. त्याने मला झेलले आणि हातातली दोन्ही टोके पाहिली.

"काकू, सगळाच दिलात की," तो म्हणाला.

होडी पुढे सरकू लागली होती. तेवढ्यात गिऱ्हाईक उठले, अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून त्याने माझे एक टोक दातांत धरले आणि पाण्यात उडी घेतली. त्याने मला होडीला बांधले. काठावरच्यांनी ओढून घेतले.

भाजीच्या हातगाडीवरून घड्याळजींना दवाखान्यात नेले. ते घसरू नयेत म्हणून मला गाडीभोवती गुंडाळले होते. संध्याकाळी ते गेले. कोरड्या गादीवर, काकूंचा हात धरून. बाहेरच्या बाकावर ते गिऱ्हाईक बसून होते. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर वाळलेला साबण.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या निरोपालाही तो तसाच आला. कोणी हसले नाही. काकूंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

"बाळा, ती दाढी पुरी करून घे आता," त्या म्हणाल्या. "हे असते तर पोट धरून हसले असते."

आणि मग त्या पहिल्यांदा रडल्या. त्याचे नाव विचारायचे राहूनच गेले.

होडी काठावर कुजली. काकू मला घेऊन लेकीच्या घरी आल्या. गेल्या वर्षी त्याही गेल्या. या इमारतीत माणसे लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाहत नाहीत, दारावरच्या आकड्यांकडे पाहतात.

मित्रांनो, कोणी तुमच्याकडे दोर फेकला तर आधी धरा. सदऱ्याचे काय ते नंतर बघता येते.

आणि जावईबापूंना कोणीतरी सांगा, पायमोजे जरा पिळून वाळत घालत जा. पाणी अंगावर टपकते आणि मला उगाच नदी आठवते.