आईने सांगितलेला क्रम

आई गेल्यावर महिन्याभराने दादाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "यादीत तुझं नाव मी घातलं असं वाटतंय की काय तुला? आईनेच सांगितलं होतं."

मला तसंच वाटत होतं. मनाजोगं लग्न केलं तेव्हापासून आई बारा वर्षं माझ्याशी बोलली नव्हती. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ती साऱ्या गोतावळ्याची नावं घ्यायची, एक्केचाळीस. आजारपणात ती नावं तिच्या आठवणीतून निसटू लागली, तेव्हा दादाने मी बनवलेल्या वेबपानावर तिला विचारून एकेक भरली. नाव, नातं, वाढदिवस.

"कितवं होतं रे माझं?"

"मोजत कोण बसलंय? तूच बघ की."

बघायला काही उरलंच नव्हतं. आदल्या आठवड्यात मी पानावर बटणं दिली होती: नावाप्रमाणे लावा, वाढदिवसाप्रमाणे लावा. प्रत न काढता मूळ यादीच वाढदिवसाप्रमाणे लावली आणि तशीच सेव्ह केली. आता सगळ्यात वर दोन जानेवारीची आत्या. प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक द्यायचं मला सुचलंच नव्हतं. आईचा क्रम नुसता ओळींच्या जागांत होता, आणि जागाच मी हलवल्या होत्या.

"एवढी शिकलीस, आणि एक यादी जपता आली नाही?" मी हे सांगितल्यावर दादा म्हणाला. मग जरा नरमला. "मावशीला विचार. पूजेच्या वेळी ती रोज शेजारी असायची."

मावशी फोनवर एका सुरात म्हणू लागली, मी लिहीत गेले. दादा, वहिनी, दोन्ही नाती, मामा... आठ झाली आणि मावशी गप्प.

"विसरलीस का मावशी?"

"विसरते कशाला? इथे ती थांबायची. मग तुझं नाव घ्यायची."

नववं. मला ते लिहवेना.

"किती वेळ थांबायची?"

"माझा चहा निवून जायचा बाई. मी म्हणायचे, अगं, लाव की एक फोन पोरीला! तर म्हणायची, ती लावेल."

मी नऊचा आकडा तेवढा लिहिला.

"ऐकतेस ना?" मावशी हळूच म्हणाली. "लिही पुढचं. अजून बत्तीस आहेत."