गेलेल्याचं नाव

एलोईनाच्या नवऱ्याचं नाव या गोष्टीत कुठेही येणार नाही. ते घ्यायचा अधिकार सांगणाऱ्याला नाही, आणि ते कळलं नाही म्हणून तुमचं काही अडणारही नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये मात्र सगळं अडलं होतं ते त्या नावापाशीच.

एलोईना वाय्यू या आदिवासी जमातीतली. वाय्यू लोकांत गेलेल्या माणसाचं नाव त्याच्या आईकडच्या माणसांसमोर काढत नाहीत. काढलं तर तो वार समजला जातो, आणि वाराची भरपाई द्यावी लागते, बकऱ्यांची, मण्यांच्या माळांची. एलोईना लहान असताना एका लग्नात चिचा, म्हणजे मक्याची दारू, पिऊन तर्र झालेला पाव्हणा असंच एक नाव बोलून गेला. बंदुका निघाल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या दोन वस्त्यांच्या बकऱ्या एका तळ्यावर पाणी प्यायल्या नाहीत. तेव्हापासून एलोईना बोलण्याआधी समोर कोण बसलंय ते बघून घ्यायची.

आणि आता वकीलबाई सांगत होत्या की नाव घ्या.

वकीलबाईंचं नाव पाओला. राजधानीत वाढलेली, अलिहुना, म्हणजे आपल्यातली नव्हे, पण पोरगी मनाची चांगली. जगभरच्या आदिवासींच्या या मोठ्या सभेत एलोईनाला बोलायला मिळावं म्हणून तिने किती उंबरे झिजवले होते. मिळाली होती तीन मिनिटं. काय सांगायचं तेही ठरलं होतं. कोळशाच्या खाणीसाठी ओढा वळवला, नवरा आडवा पडला, बाजारातून मोटारसायकलवर परत येताना त्याला गोळ्या घातल्या, आणि सरकारदरबारी तो आजही 'अनोळखी इसम' आहे.

"सभागृहात नाव उच्चारलं गेलं की ते नोंदीत जातं," पाओला म्हणाली. "मग सरकारला हात झटकता येणार नाहीत. तुम्ही नुसतं 'माझा नवरा' म्हणालात तर ते विचारतील, कोण नवरा? आणि तिकडे ते फाइल बंद करायला टपलेत. एकदा बंद झाली की संपलं, एलोईना."

"आणि सासूबाई समोर बसलेल्या असताना घेऊ?"

"त्या आज खोलीवर थांबल्या तर?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई, ब्रिहिदा, पायघोळ मांता सावरून बसल्या होत्या.

"एवढा समुद्र ओलांडून मी ही खोली बघायला आले काय गं?" त्या म्हणाल्या. "माझा लेक मेल्याचं ज्यांच्या तोंडावर सांगणार, ती तोंडं मला बघायचीत."

"ती ऐकायची नाही," खिडकीपाशी उभे असलेले मामा म्हणाले. सेनोबियो मामा ब्रिहिदाचे थोरले भाऊ. दोन घराण्यांचं वाकडं आलं की इकडचा शब्द तिकडे नेऊन तड लावणं हे त्यांचं काम. शब्द नेणाऱ्याची काठी त्यांनी विमानतळावर शिपायांशी हुज्जत घालून घालून इथवर आणली होती. "पाळण्यात असल्यापासून ऐकत नाही ही. आणि काय गं वकीलबाई, या गावात एक बकरी दिसली नाही मला. मग इथली माणसं भांडतात तरी कशावरून?"

पाओलाला हसू आलं, पण डोळे पाण्याने भरले होते.

तोड शेवटी मामांनीच काढली. सून दुसऱ्या कुळातली, तिच्या तोंडाला बंदी नाही. नाव लागतं ते आईच्या रक्ताच्या माणसांना. तेव्हा नावाची ओळ आली की एलोईनाने डोक्यावरच्या रुमालाला हात लावायचा. ब्रिहिदा आणि मामा उठून बाहेर जातील. मग तिने खुशाल नाव घ्यावं.

"उठलं की बाहेर. त्यात काय एवढं?" मामा म्हणाले.

आता यात चूक अशी कोणाचीच नव्हती. वाय्यूंची बैठक भरते ती मांडवात. वर काटेरी निवडुंगाच्या लाकडाचं छप्पर, आणि चारही बाजू मोकळ्या. भिंत नाही, दार नाही. माणूस उठला की बाहेरच. सभेला दार असतं आणि ते लांब असू शकतं, हे त्या तिघांच्या डोक्यातच आलं नाही. पाओलाच्याही आलं नाही, कारण ती त्या वेळी तीन मिनिटांत कागद कसा बसवायचा यात बुडाली होती.

एलोईना सभागृहात शिरली. खुर्च्यांच्या रांगांमागून रांगा. पिसांचे मुकुट, विणलेल्या शाली, मण्यांचे हार, आणि मधेमधे काळे कोट. सासूबाईंना अगदी पुढे, तिच्या शेजारी बसवलं होतं. त्यांच्या पलीकडे मामा, काठी गुडघ्यांत. उजव्या हाताला त्यांच्याच देशाचा सरकारी प्रतिनिधी होता. तरणा माणूस, निळा टाय, समोर पाण्याचा पेला. सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काही काढली नाही.

"हाच का?" त्यांनी विचारलं.

"हा सरकारचा बोलणारा, आई."

"दिसतो तर आईबापाचा."

एलोईनाचं नाव पुकारलं गेलं. एलोईनाने बटण दाबलं, माइकला लाल कडं पेटलं, आणि तिचा आवाज त्या एवढ्या मोठ्या जागेत तिलाच परका वाटला. तरी ती बोलली. ओढ्याबद्दल बोलली. ओढा गेल्यावर बायका पाण्यासाठी किती लांब जाऊ लागल्या, ते बोलली. नवऱ्याने खणणाऱ्या यंत्रासमोर झोका बांधला आणि त्यात पडून राहिला, हे सांगताना तिचा आवाज जरा हलला, कारण तो झोका तिनेच विणलेला होता. मग त्या संध्याकाळबद्दल बोलली. मग तिने रुमालाला हात लावला.

सासूबाई उठल्या. मामा उठले. आणि दार कुठे आहे ते बघायला तिघांनीही एकाच वेळी माना वळवल्या.

दार पार मागे होतं. चढाच्या वाटेच्या टोकाला.

सासूबाईंचे गुडघे कधीचेच गेलेले. मामांनी एका हाताने काठी धरली, दुसऱ्याने बहिणीचा दंड, आणि दोघं निघाले. मांता जमिनीवरून घासत चालली होती. एलोईना थांबली. हातातला कागद तसाच, तोंड उघडं, आणि ओठांवर ते नाव. समोरच्या पडद्यावर आकडे उतरत होते. पाओला खालच्या आवाजात म्हणाली, "बोला, एलोईना, बोला ना!" एलोईनाने नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं, चला ना आई, जरा पाय उचला. आणि असं वाटल्याची तिला त्याच क्षणी लाज वाटली. सगळं सभागृह मान वळवून त्या दोन म्हाताऱ्यांकडे बघत होतं. काय चाललंय ते कोणालाच कळत नव्हतं.

सासूबाई दाराशी पोचल्या. मामांनी दार ढकललं.

एलोईनाने श्वास घेतला आणि माइकवरचं लाल कडं विझलं.

"धन्यवाद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "क्षमा करा, वेळ संपला." लगेच पुढचं नाव. त्यांच्याच देशाचं सरकार.

निळ्या टायवाल्याने पाण्याचा घोट घेतला. तो स्पॅनिशमध्ये बोलला, सावकाश, अदबीने. आदिवासी भगिनीच्या दुःखात सरकार सहभागी आहे. मात्र त्यांनी कोणाही व्यक्तीचं नाव घेतलेलं नाही. नाव नाही तर व्यक्ती नाही, आणि व्यक्ती नाही तर घटनेला सरकार काय उत्तर देणार? अशी कोणतीही घटना सरकारच्या नोंदीत नाही.

एलोईनाच्या कानशिलांत रक्त उसळलं. उठावं आणि त्याच्या तोंडावर ते नाव फेकावं, असं तिला वाटलं. तिने मागे पाहिलं. दार अजून उघडंच होतं. सासूबाई उंबऱ्यावर थांबल्या होत्या आणि त्यांना स्पॅनिश कळत होतं.

त्या वळल्या. मामा काहीतरी म्हणाले, सासूबाईंनी हात सोडवून घेतला, आणि एकट्या परत ती वाट उतरू लागल्या, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत.

पुढचा वक्ता फिलिपिन्सच्या डोंगरातला होता, भातखाचरांच्या गावचा, सुरकुतलेला म्हातारा. त्याने बटण दाबलं, वाटेवरून येणाऱ्या बाईकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझं म्हणणं कागदावर दिलंय, ते वाचा. माझा वेळ या बाईंना द्या."

"नियमात तसं बसत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग मी गप्प बसतो. माझा वेळ आहे. तेवढा वेळ ती बोलेल."

अध्यक्षबाई समोरचे कागद उगाच सारखे करू लागल्या. त्याने स्वतःचा माइक पुढे येऊन पोचलेल्या सासूबाईंकडे वळवला.

"आई, नको," एलोईना म्हणाली. "तुम्ही नका. मी घेते, तुम्ही कान झाका हवं तर."

"तू घेतलंस तर तो माझ्यावर वार होईल, आणि त्याची भरपाई तुझ्या माणसांना पडेल," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पदरी कशाला ते? तुझ्या पदरी आहे तेवढं पुरे."

मग त्यांनी त्या निळ्या टायवाल्याकडे पाहत, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, लेकाचं नाव घेतलं. आधी त्याचं नाव, मग आईच्या कुळाचं, म्हणजे स्वतःचं, आणि तो कोणत्या ओढ्याकाठी जन्मला तेही. "याला मी जन्म दिला," त्या म्हणाल्या. "आता आहे का माणूस?"

एवढं बोलून त्यांनी डोक्यावरची ओढणी चेहऱ्यावर ओढली, आणि वाय्यू बायका मयताला रडतात तसा सूर लावला, लांब, खालून वर चढत जाणारा. दुभाष्यांच्या काचेमागच्या खोलीत सगळे गप्प झाले. पडद्यावरचे आकडे संपले, पण माइक बंद करायला कोणाचा हात पुढे झाला नाही. एलोईनानेही आपला रुमाल चेहऱ्यावर ओढला आणि सासूबाईंच्या सुरात सूर मिळवला. पुरताना तिला नीट रडू दिलं नव्हतं, पोलीस घाई करत होते. ते सगळं आत्ता बाहेर आलं.

नंतर बाहेरच्या लांबलचक पडवीत, सासूबाईंना बाकावर टेकवून मामा समोर उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"ब्रिहिदा, नाव निघालंय. वार झालाय. आता मी शब्द कोणाकडे नेऊ? तोंड तर तुझंच होतं."

"ज्याने माझ्याकडून बोलवून घेतलं, त्याच्याकडे," सासूबाई म्हणाल्या.

निळ्या टायवाला बॅग घेऊन घाईने निघाला होता. मामांनी काठी आडवी धरली.

"बसा, साहेब. शब्द उभ्याने घेत नाहीत."

"आजोबा, मी नुसता वाचणारा माणूस," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "कागद राजधानीतून येतो. माझ्या हातात काही नाही."

"माझ्याही हातात काही नसतं. मीही निरोपच नेतो. म्हणून तर तुमच्यापाशी आलो. निरोप नेणाऱ्याला आमच्यात कोणी हात लावत नाही, पण निरोप अर्ध्यात टाकला तर त्याला कोणी पाणीही विचारत नाही."

तो बाकाच्या कडेला बसला. खिशातून पेन काढलं.

"लिहू नका. पाठ करा," मामा म्हणाले, आणि त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

सासूबाईंनी ओढणी बाजूला केली. "सांग त्यांना, आईने स्वतःच्या तोंडाने लेकाचं नाव दिलं. बकऱ्या नकोत, माळा नकोत. नावाला नाव पाहिजे. त्याला मारणाऱ्याचं नाव त्यांनी मला द्यावं."

"आता म्हणून दाखवा," मामा म्हणाले.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि शाळेतल्या पोरासारखं हळूहळू म्हणाला, "आईने लेकाचं नाव दिलं. आता... त्याला मारणाऱ्याचं नाव तिला द्या."

"मारणाऱ्याचं," मामा म्हणाले. "राजधानीत पोचल्यावरही असंच म्हणा. मधे बदलू नका."

एलोईनाने सासूबाईंचा हात हातात घेतला. तिने तो दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.