खळीची चादर

त्यांच्या घरात चादर कधी नुसती अंथरली जात नसे, ती ताणून बसवली जाई. आईनं एकतीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात काढली होती. तळघरातली ती खोली कायम वाफेनं कोंदलेली असे. भिंतीला धरून इस्त्रीची लांबलचक टेबलं होती आणि रोज शेकड्यांनी चादरी आईच्या हाताखालून जात. तिथं सगळे तिला 'फौजदारीण' म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

घरी आल्यावरही तिची फौजदारी सुरूच असे. सुट्टीच्या दिवशी मोठ्या पातेल्यात खळ शिजायची. दोघी मुली चादरीची दोन-दोन टोकं धरून ती झटकायच्या आणि जिच्या हातून टोक सुटेल तिला आई म्हणायची, "सासरी जाऊन माझं नाव काढशील हो तू." रात्री त्या चादरीवर कूस बदलली की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. पुढे धाकटी सासरी गेली, फार दूर, विमानानं जावं लागेल इतकी. थोरली गेलीच नाही. ती एका विमा कचेरीत टंकलेखन करत राहिली आणि निवृत्त झाली, तेव्हा आईला ब्याऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.

त्याच वर्षी न्हाणीघरात पाय घसरून आईचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया नीट झाली, डॉक्टरही हसतमुखानं बोलले, पण आई काही पुन्हा पायावर उभी राहिली नाही. पलंग खिडकीशी लावला आणि आईचं सगळं राज्य त्या पलंगाएवढं झालं. कायदे मात्र पूर्वीचेच.

"खळ कमी पडलीय."

"कोपरा सैल आहे. पलीकडून ओढ. तिकडून नव्हे गं बाई, पलीकडून. साठीला आलीस, अजून चादर घालता येत नाही."

"तू घालून दाखव की उठून," थोरली म्हणायची आणि दोघी हसायच्या.

चादरीखाली प्लॅस्टिकही आईच्याच हुकमानं आलं. गादीला डाग पडला तर कुणाला तोंड दाखवू, असं तिचं म्हणणं. थोरलीनं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. दिवसभर पलंगावर असणाऱ्या माणसाला निदान अंथरुणाचं तरी सुख असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

एके दिवशी अंग पुसताना तिला आईच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. घामोळं असेल, असं वाटून तिनं त्यावर भरपूर पावडर टाकली आणि चादर दिवसातून एकदा बदलायची ती दोनदा बदलू लागली. प्रत्येक चादर खळ घालून, कडक इस्त्री करून. हात भरून यायचे, पण मनाला समाधान असायचं. धाकटीचा फोन आला की ती म्हणायची, "ताई, तू आहेस म्हणून मला तिथली काळजी नाही." थोरलीला ते ऐकायला बरं वाटे. दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी चट्टा फुटला आणि चादरीवर ओला डाग उमटला.

दवाखान्यातून एक सिस्टर आली. ठेंगणी, बोलकी, पायात पुरुषी बूट. तिनं आईला कुशीवर वळवून जखम पाहिली आणि मग चादरीवरून तळवा फिरवला.

"ताई, ही चादर आहे की पुठ्ठा?"

"आमच्याकडे अशीच असते," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तुमच्या दवाखान्यातल्या बोळ्यासारखी नसते."

सिस्टर हसली. पण स्वयंपाकघरात हात धुताना तिचं हसू गेलं होतं. "आजींची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय. त्या घसरतात आणि कडक कापड त्यांना घासतं. खाली प्लॅस्टिक, मग घाम जाणार कुठं? पावडरचे ओले गोळे झालेत. आणि गादीला मधोमध खड्डा आहे, सगळा भार त्या एका हाडावर येतो."

"मी रोज दोनदा बदलत होते हो," थोरली म्हणाली. "कडक इस्त्री करून."

सिस्टरनं नळ बंद केला. हात पुसायला उगाच जास्त वेळ लावला. "मऊ सुती घाला. जुनी, धुऊन धुऊन पातळ झालेली असेल तर उत्तम. हवेची गादी भाड्यानं मिळते, ती आणा. दर दोन तासांनी कूस बदला. वेळेत सावरलं तर भरते जखम."

ती गेल्यावर थोरलीनं ओटा पुसायला घेतला. स्वतःच्या हातांकडे बघवेना तिला.

हवेची गादी आली. तिचा पंप सारखा गुरगुरायचा. आई म्हणाली, "खाली कुणी पोट बिघडलेलं माणूस कोंडलंयस का?" पण तिनं गादी चालवून घेतली. अडलं ते चादरीवर. थोरलीनं कपाटाच्या तळाची जुनी, मऊ चादर काढून घातली. आईनं तिची कड अंगठा आणि बोटात धरून चोळली.

"काढ ही."

"आई, सिस्टर म्हणाल्यात."

"अशा चादरीचं आमच्याकडे काय व्हायचं, ते ठाऊक आहे ना तुला?"

थोरलीला ठाऊक होतं. लहानपणी शाळा सुटल्यावर ती धुलाईखान्यात जाऊन बसायची. संध्याकाळी आईपुढे संशयित चादरींचा ढीग यायचा. आई एकेक कड दोन बोटांत चोळायची. कापडात दम असला तर ठेवून द्यायची. मऊ पडली असली तर "बाद" म्हणायची आणि तिथल्या तिथं टर्रकन फाडून फरशी पुसायच्या फडक्यांत टाकायची. तिच्या बोटांवर कुणी अपील करत नसे.

"मला अजून बाद करू नकोस," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

आई काही उठून चादर ओढून काढणार नव्हती. थोरलीला जबरदस्ती करता आली असती. पण तिला ते धाडस झालं नाही. तिनं जुनी चादर काढली आणि खळीची घातली. खळ निम्मी केली आणि तेवढ्यावर स्वतःची समजूत घातली. चार दिवसांनी सिस्टर आली, जखम पाहून तिचा चेहरा उतरला. "ताई, आजींचं मन मोडायचं नाही म्हणून तुम्ही त्यांची पाठ फोडताय," ती म्हणाली.

त्याच दुपारी तिनं दोन नव्या कोऱ्या चादरी आणल्या. नुसत्या पाण्यात, मग बिनवासाच्या साबणात, पुन्हा पाण्यात, अशा त्या धूत सुटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. चादरी मऊसूत झाल्या, तरी रंग नव्यासारखाच राहिला. हलकी इस्त्री फिरवून तिनं एक पलंगावर बसवली. कोपरे असे काढले की फौजदारीण खूश व्हावी.

आईनं कड चोळली. "नवी आहे?"

"नवीच. कालच आणली. चिठ्ठी दाखवू दुकानाची?"

"चिठ्ठी कशाला? बारा-तेरा धुणी झालीत हिची." तिनं थोरलीचा हात ओढून बोटं पाहिली. मग विचारलं, "जखम केवढी आहे?"

"थोडीशी आहे."

"थोडीशी नको. केवढी, ते दाखव."

थोरलीनं अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. मग तो खोटा आहे हे तिलाच सोसेना. तिनं दुसरा हात लावून गोल मोठा केला.

आई त्या गोलाकडे पाहत राहिली. "खळीनं झाली?"

"नुसत्या खळीनं नाही. गादीचाही खड्डा होता, प्लॅस्टिक होतं..."

"खळ मी सांगितली. प्लॅस्टिक मी सांगितलं."

"लावलं मी. पावडर तर तुला न विचारता टाकली."

"आता वाटण्या करत बसू नकोस," आई म्हणाली. "असू दे ही चादर. दुसरीही अशीच धू."

त्यानंतर आईनं चादरीचं नाव काढलं नाही. थोरली घड्याळाचा गजर लावून दर दोन तासांनी तिला वळवायची, गुडघ्यांत उशी, टाचा अधांतरी. डोळ्यांत तेल घालून ती जखमेच्या कडा बघायची. पंधरा दिवसांत कडा गुलाबी झाल्या. सिस्टर म्हणाली, "आजी, अशीच प्रगती ठेवलीत तर मला दुसरं गिऱ्हाईक बघावं लागेल." थोरलीनं धाकटीला फोन करून सगळं खरं सांगितलं. खळीचंही. धाकटी म्हणाली, "ताई, जेवलीस का तू?" तेव्हा कुठं थोरली रडली.

मग जखमेचा मधला भाग काळवंडला. डॉक्टर येऊन गेले. औषध बदलून दिलं. निघताना म्हणाले की वय झालंय, शरीरात भरून यायची ताकद उरलेली नाही.

सिस्टर पट्टी बदलायला आली. चिमट्यानं कडेचं साफ करताना तिनं विचारलं, "आजी, दुखतं का?"

"नाही. परवापासून काहीच नाही," आई म्हणाली.

सिस्टर एरवी यावर "शाब्बास" म्हणाली असती. तिनं गुपचूप पट्टी चिकटवली आणि पिशवी भरली. दाराशी थोरलीनंच विचारलं, "दुखत नाही, हे चांगलं ना?"

सिस्टरनं बुटाची नाडी बांधायला घेतली. "दुखत होतं तोवर तिथली कातडी जिवंत होती, ताई," ती खाली बघत म्हणाली. "आता मी रोज येत जाईन."

दार लावून थोरली आत आली. पावडरचे दहा दिवस आणि निम्म्या खळीचे चार. मनात तिनं ते पुन्हा मोजले, आणि पुन्हा तेवढेच भरले. कूस बदलायची वेळ झाली होती. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिनं आईला आपल्याकडे वळवलं. आई इतकी हलकी झाली होती, की जोर लावायची गरजच उरली नव्हती.

"आता बघ," आई म्हणाली, "काही टोचत नाही, रुतत नाही. एवढ्या वर्षांत अशी चादर पाठीला लागली नव्हती. जमलं हो तुला."

"जमलं ना?"

"जमलं. उगाच ओरडले तुम्हां दोघींना."

आईच्या पाठीखाली चादरीला बोटभर जाड चुणी पडली होती. वळवतानाच पडली असणार. आईला ती कळली नव्हती. थोरलीनं हात आत सरकवला, चुणी सावकाश मोडून सपाट केली आणि तळवा तिथंच ठेवून ती पलंगाच्या कडेला बसून राहिली.