शेरडांचा वास

बेल वाजली तेव्हा सुकन्यानं अजिनाथच्या काखेतून थर्मामीटर नुकताच काढला होता. आकडा बघताच तिनं तो चटकन ओढणीत लपवला.

"किती आहे?"

"काही नाही. उन्हानं अंग तापलंय. पडून राहा बघू."

नव्याण्णवच्या वर होता. शंभराला टेकला की तडक दवाखाना, वाट बघत बसायचं नाही, असं मॉस्कोच्या डॉक्टरीणबाईंनी निघताना बजावलं होतं. एम.एस. या मज्जातंतूंच्या आजारानं अजिनाथचे पाय धरले होते. तिथं त्याच्याच रक्तातल्या पेशी काढून ठेवल्या, औषधांनी अंगातली सगळी प्रतिकारशक्ती पुसून टाकली आणि मग त्या पेशी परत सोडल्या. आजार थांबेल म्हणाले, आणि थांबल्यासारखा वाटतही होता. पण अंग मात्र तान्ह्या लेकराचं झालं होतं, साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतायची. म्हणून सात रस्ता चौकामागच्या त्या दोन खोल्यांत सुकन्या डोळ्यांत तेल घालून पहारा करत होती. कच्ची कोशिंबीर बंद, पाहुणे बंद, देवाचा भंडारासुद्धा बंद. त्याच्या बँकेतले लोक हार घेऊन आले, तर बिचारे जिन्यातूनच माघारी गेले. लोक काय बोलायचे ते बोलत. बोलू देत!

तिनं कूलर मोठा केला, त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि जाळीच्या दाराशी गेली.

बाहेर केराबाई उभी होती. तिची सासू, वळसंगहून आलेली.

मागच्या खेपेला ही बाई पदराखाली शेळीचं चार दिवसांचं करडू झाकून आली होती. कशाला, तर लेकाला दाखवायला! तेव्हा सुकन्याचा तोल सुटला होता. शेजारीपाजारी ऐकत असताना ती ओरडली होती, "तुमच्या घरात शेरडं आहेत तोवर या दारात पाऊल टाकायचं नाही, आत्या!" केराबाई करडू पोटाशी धरून जिना उतरून गेली होती.

"आत्या, आज नको. त्यांना कणकण आहे."

"ताप हाय?" केराबाईनं जाळी धरली. "लई हाय का गं?"

"लई नाही. पण आज मी कुणालाच आत घेणार नाही."

"नगं घिऊस. मी हितं बसते की."

आणि ती खरंच पायरीवर बसली. जिन्याच्या पत्र्याखाली उन्हाच्या नुसत्या झळा होत्या. सुकन्याला तिची दयाही आली आणि रागही आला. सवयीनं तिनं श्वास ओढून पाहिला. एरवी सासू जिन्यात असतानाच शेरडांचा वास घरात यायचा. आज वास होता तो साबणाचा. केराबाईचे केस अजून ओले होते आणि लुगड्याच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या.

"आंघोळ करून आलात?"

"व्हय. यष्टीत बी तोंडाला फडकं बांदून बसले."

"नुसती आंघोळ करून भागत नाही हो. परत घरी गेलात की तेच. गोठा, लेंड्या..."

"गोठ्यात काय न्हाय आता."

"म्हणजे?"

"इकली. समदी. टेंभुर्णीचा बेपारी आलता, टेंपूत घालून नेली. गोठ्याला चुना फासून घेतला." केराबाईनं मान वर केली. "आता तर चालंल न्हवं?"

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि सुकन्याला तेच सोसेना. बाईनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. नवरा गेल्यावर याच शेरडांवर तिनं पोरगं शिकवलं होतं. डॉक्टरांनी काही महिने जनावरांपासून लांब राहा एवढंच सांगितलं होतं. बाकीचं सगळं सुकन्याच्या जिभेचं.

"आत्या, मी रागाच्या भरात बोलले हो. विका असं कुणी म्हटलं होतं?"

"परमुलखात त्याच्या उशाला तूच हुतीस. मी काय जाणार? तू म्हनलीस, मला पटलं."

सुकन्याच्या डोळ्यांपुढे अजिनाथ उभा राहिला. फिजिओथेरपीचा व्यायाम म्हटलं की तो तोंड फिरवायचा. पण रोज संध्याकाळी भिंत धरून या खोलीतून त्या खोलीत जायचा, दमला की म्हणायचा, "दिवाळीला आईच्या शेरडांमागं माळावर जायचंय, पाय तयार पाहिजेत." त्याच एका गोष्टीवर तो चालत होता. आता त्याला कसं सांगायचं? आणि कुणामुळे, हे कळल्यावर तो आपलं तोंड तरी बघेल का?

"कोण आहे गं?" आतून आवाज आला. "आई का?"

सुकन्या आत पळाली. थर्मामीटर पुन्हा काखेत. वाजेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ताप उतरला होता, आकडा अगदी नेहमीसारखा. ती क्षणभर पलंगाच्या कडेवर टेकली. मग उठून तिनं दार उघडलं.

हात धुवून, मास्क लावून केराबाई दाराजवळच्या खुर्चीत बसली. लेकाच्या डोक्यावर नुकते कुठे केस उगवत होते, त्याकडे ती बघत राहिली. अजिनाथ आईला दाखवायला म्हणून काठीशिवाय उठला. जरासा झुलला. दोघींचेही हात एकदमच पुढे आले, पण त्यानं भिंत धरली.

"बघ, उभा राहिलो," तो म्हणाला. "चंद्री व्याली का गं?"

सुकन्यानं केराबाईकडे पाहिलं.

"व्याली की," केराबाई म्हणाली. "दोन झाली."

"कशी हायत?"

केराबाईनं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मास्कच्या वर तिचे डोळे भरून आले आणि शब्द काही फुटेना. अजिनाथ वाट बघत होता.

"एक काळं आहे, एक बांडं," सुकन्या म्हणाली. जन्मात तिला दोन शेळ्यांतला फरक कळला नव्हता. "बांडं तर लई द्वाड आहे म्हणे. आत्तापासूनच आत्यांना दमवतंय."

अजिनाथ खदखदून हसला. मॉस्कोहून आल्यापासून असं हसू घरात ऐकू आलं नव्हतं.

"नावं ठेवू नका हं इतक्यात," तो म्हणाला. "मी आल्यावर ठेवीन." आणि भिंतीवरचा हात काढून तो चालायला लागला.